दगडाहून जुनी फारकत

जालना जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, भोकरदन तालुक्यात, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या आश्रयाला धावडा हे गाव आहे. पलीकडे बुलढाणा जिल्हा सुरू होतो. शिवारातली माती काळी, आणि माती संपली की खाली काळाच दगड. विहीर खोदणाऱ्याला हा दगड चांगला ठाऊक असतो. तो लाव्ह्याचा आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथे जमिनीला भेगा पडल्या, त्यातून तापलेला रस वाहत राहिला, थिजला, त्यावर पुन्हा वाहिला. भारत तेव्हा आशियाला जोडलेलाही नव्हता, समुद्रातून उत्तरेकडे सरकणारा तो एक तुटलेला भूखंड होता. त्या थिजलेल्या थरांवर आज मिरची, कपाशी आणि मका उभा आहे.

आता या शिवाराच्या आसपास दिसू शकणारी दोन जनावरं घ्या. एक माळावर मान खाली घालून चरणारं काळवीट. दुसरं बांधावरच्या चिंचेत शेपटी लोंबकळत सोडून बसलेलं काळ्या तोंडाचं वानर. दोघंही सस्तन, दोघंही कळपानं राहणारी, दोघंही पाला-गवत खाणारी, दोघांनाही शेतकरी हाकलतो. आणि तरी दोघांचा शेवटचा समाईक पूर्वज कधी जगला, असं विचारलं तर उत्तर येतं, साधारण आठ ते दहा कोटी वर्षांपूर्वी. म्हणजे धावड्याच्या विहिरीत सुरुंग लावून फोडावा लागणारा तो काळा पाषाण जन्माला येण्याच्या कितीतरी आधी या दोन घराण्यांची फारकत झालेली होती. डायनासोर अजून पृथ्वीवर चालत होते. दगड हा आपल्याकडे प्राचीनपणाचा अखेरचा दाखला समजला जातो. इथे दगड धाकटा आहे.

ही गोष्ट नीट कळली ती अगदी अलीकडे. प्राण्यांच्या हाडा-दातांवरून नाती ठरवण्याची जुनी पद्धत होती, आणि ती बऱ्याच बाबतीत बरोबरही होती. पण २००१ साली संशोधकांच्या दोन वेगवेगळ्या गटांनी 'नेचर' या नियतकालिकात सस्तन प्राण्यांच्या डीएनएची तुलना करून नात्यांचा नवा आराखडा मांडला, तेव्हा काही भावकी फारच अनपेक्षित निघाल्या. माकडं, माणसं, उंदीर, खारी आणि ससे एका बाजूला. गुरं, हरणं, डुक्कर, घोडे, कुत्री-मांजरं, लांडगे, वटवाघळं आणि देवमासे दुसऱ्या बाजूला. म्हणजे चिंचेवरच्या वानराचं नातं त्याच झाडावर धावणाऱ्या खारीशी जवळचं, आणि माळावरच्या काळविटाशी दूरचं. काळविटाचं नातं रात्री त्याच माळावर घिरट्या घालणाऱ्या वटवाघळाशी आणि त्याच्याच मागावर असलेल्या लांडग्याशी जवळचं. घरातलं उदाहरण तर आणखी चकित करणारं आहे. धान्याच्या कोठीमागे पळणारा उंदीर वानराच्या बाजूचा, आणि तशीच दिसणारी, भिंतीच्या कडेनं चूं चूं करत जाणारी चिचुंद्री काळविटाच्या बाजूची. दिसणं सारखं, घर एक, आणि मधे आठ-दहा कोटी वर्षं.

शास्त्रीय वर्गीकरण म्हणजे याच फारकतींची नोंदवही. काळवीट आणि वानर पृष्ठवंशी म्हणून एकत्र, सस्तन वर्गात एकत्र, आणि त्यानंतर लगेच वेगळे. काळवीट समखुरी गणात जातं, वानर नरवानर गणात. समखुरी म्हणजे ज्यांच्या शरीराचा भार पायाच्या दोन बोटांवर, तिसऱ्या आणि चौथ्या बोटांवर, पेललेला असतो, आणि त्या बोटांची टोकं खुरांनी मढलेली असतात. काळवीट खरं तर आयुष्यभर चवड्यांच्याही पुढे, नखांच्या टोकांवर उभं असतं. वानरानं मात्र पाचही बोटं राखली, त्यावर सपाट नखं ठेवली, आणि फांदी धरण्याचं काम हातापायांकडे सोपवलं.

हरीण या शब्दात आपण बरंच काही भरतो. चितळ, सांबर, भेकर ही सारंगांच्या कुलातली. त्यांची शिंगं हाडाची असतात, फांद्या फुटलेली असतात, दरवर्षी गळून पडतात आणि पुन्हा उगवतात. काळविटाचं तसं नाही. त्याच्या शिंगाच्या आत हाडाचा कणा असतो आणि वर आपल्या नखांच्याच द्रव्याचं आवरण. ते शिंग गळत नाही, त्याला फांदी फुटत नाही, ते आयुष्यभर पीळ घेत वाढत राहतं. अशी शिंगं गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांनाही असतात, कारण काळवीट त्यांच्याच कुलातलं, बोव्हिडी कुलातलं. सरकारी कागदपत्रांत 'सारंग' आणि 'कुरंग' असा जो भेद दिसतो तो हाच. कुरंग म्हणजे गळत नाहीत अशा शिंगांची हरणं. महाराष्ट्रात कुरंगांच्या चार जाती आहेत. काळवीट, चिंकारा, नीलगाय आणि चौशिंगा. यातल्या नीलगाईला मराठवाडा-विदर्भात रोही म्हणतात. ती आणि चौशिंगा कुरंगांत मोजली गेली तरी त्यांचं उपकुल गाई-म्हशींचं आहे. रोही काळविटापेक्षा दावणीच्या गाईला जवळची आहे.

आणि काळविटाचं स्थान या साऱ्यात विशेष आहे. १७६६ साली पीटर सायमन पालास या निसर्गवैज्ञानिकानं 'अँटिलोप' ही प्रजाती नोंदवली. आफ्रिकेतली कित्येक प्रकारची कुरंगं जगभर ज्या नावानं ओळखली जातात ते नाव शास्त्रात मात्र एकाच जातीला उरलं आहे, अँटिलोप सर्व्हिकाप्रा, म्हणजे आपलं काळवीट. मसाई माराच्या छायाचित्रांनी भारावणाऱ्या आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असतं की त्या साऱ्या गोताचं नाव धारण करणारं जनावर आपल्या तुरीच्या शेतात उभं आहे?

समखुरी गणाबद्दल आणखी एक नवल सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. देवमासा याच गणातला. जम्मू-काश्मीरमधल्या कालाकोट भागात ए. रंगा राव या भारतीय भूवैज्ञानिकानं गोळा केलेल्या खडकांत मांजराएवढ्या, हरणासारख्या, खुरांच्या एका प्राण्याची हाडं होती. २००७ साली हान्स थेविसन आणि सहकाऱ्यांनी ती तपासली. सुमारे ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीच्या या इंडोहायसच्या कानाच्या हाडाची ठेवण देवमाशाच्या कानासारखी निघाली. माळावरचं काळवीट आणि समुद्रातला देवमासा यांच्यात जेवढं अंतर आहे, त्याहून कितीतरी जास्त अंतर काळवीट आणि चिंचेवरचं वानर यांच्यात आहे.

वानराची बाजू आता पाहू. गावाकडे वानर आणि माकड हे दोन वेगळे प्राणी असतात, आणि ही गावठी विभागणी शास्त्रालाही मान्य आहे. काळ्या तोंडाचं, राखाडी अंगाचं, लांब शेपटीचं ते वानर, सेम्नोपिथेकस एंटेलस. लालसर तोंडाचं ते माकड, मकाका. दोघांचं कुल एक, सर्कोपिथेसिडी, पण उपकुलं निराळी, आणि त्यांच्या वाटा दीड-पावणेदोन कोटी वर्षांपूर्वी फुटलेल्या. या कुलापासून आपलं, माणसाचं घराणं वेगळं झालं ते अडीच-तीन कोटी वर्षांपूर्वी. म्हणजे वानराचं आपल्याशी असलेलं नातं काळविटाशी असलेल्या त्याच्या नात्याहून तीन पट जवळचं.

एवढं सगळं वेगळेपण मान्य केलं की मग पोटाशी यायचं. इथे ही गोष्ट एकदम वळण घेते.

गवत आणि पाला हे अन्न म्हणून फार चिवट. पानांच्या पेशींच्या भिंती सेल्युलोजच्या असतात, आणि सेल्युलोज पचवणारं रसायन कोणत्याही सस्तन प्राण्याच्या शरीरात तयार होत नाही. गाईच्याही नाही, हत्तीच्याही नाही. ते काम जिवाणू करतात. म्हणून ज्याला गवतावर जगायचं त्याला पोटात जिवाणू पाळावे लागतात. काळवीट रवंथ करणारं आहे. त्याच्या पोटाला चार कप्पे. पहिल्या मोठ्या कप्प्यात चारा भिजतो, आंबतो, जिवाणू त्यावर तुटून पडतात, अर्धवट झालेला घास पुन्हा तोंडात येतो, चघळला जातो, खाली जातो. शेवटच्या कप्प्यात आम्ल असतं. तिथे चाऱ्याबरोबर खुद्द ते जिवाणूच पचवले जातात. काळवीट गवत खाताना दिसतं, पण त्याच्या अंगाला लागणारी बरीचशी प्रथिनं त्यानं पोटात वाढवलेल्या जिवाणूंची असतात.

आता वानर. वानराचं पोट उघडून पाहणाऱ्या शरीरशास्त्रज्ञांना त्यात साधी पिशवी सापडली नाही. तिथेही कप्पे आहेत, फुगीर कोठ्या आहेत, आणि पहिल्या भागात पाला आंबवणारे जिवाणू आहेत. माकडाचं तसं नाही. माकडाचं पोट आपल्यासारखं एका पिशवीचं, आणि त्याच्या गालांत मात्र पिशव्या असतात. शेंगदाणे हातात आले की माकड ते गालांत कोंबतं आणि दूर जाऊन निवांत खातं. वानराला गालाची पिशवी नाही, त्याची तयारी खालच्या बाजूला आहे. वानर रवंथ करत नाही, तेवढा फरक सोडला तर पोटाच्या बाबतीत ते आपल्या सख्ख्या चुलतभावापेक्षा, माकडापेक्षा, आठ-दहा कोटी वर्षांपूर्वी दुरावलेल्या काळविटासारखं जास्त आहे.

हे साम्य कप्प्यांवर थांबत नाही. आपल्या अश्रूंत, लाळेत, अंड्याच्या पांढऱ्या बलकात लायसोझाइम नावाचं एक विकर असतं. १९२२ साली अलेक्झांडर फ्लेमिंगनं ते ओळखलं, पेनिसिलिनच्याही आधी. ते जिवाणूंची भिंत फोडतं. बहुतेक प्राण्यांत ते पहारेकऱ्याचं काम करतं, डोळ्यांत किंवा तोंडात जिवाणू शिरले की त्यांना मारायचं. रवंथ करणाऱ्यांनी मात्र त्याला वेगळ्या कामाला लावलं. आम्लाच्या कप्प्यात येणाऱ्या जिवाणूंना फोडून त्यांचं अन्न करायचं. त्यासाठी विकराला आम्लात टिकावं लागतं, आणि पोटातल्या इतर पाचक रसांनी ते स्वतः पचून जाता कामा नये. १९८७ साली कॅरो-बेथ स्ट्यूअर्ट, जेम्स शिलिंग आणि ॲलन विल्सन यांनी वानराच्या पोटातल्या लायसोझाइमची साखळी एकेक मणी मोजत वाचली. सुमारे १३० अमिनो आम्लांची ती माळ. त्यांनी ती माणसाच्या, बबून या आफ्रिकेतल्या माकडाच्या आणि गाईच्या माळेशेजारी ठेवली. नात्याप्रमाणे वानराची माळ बबूनसारखी असायला हवी, आणि बरीचशी तशी होतीच. पण काही ठरावीक जागी वानरात जे बदल झालेले होते, नेमके तेच बदल गाईच्या माळेत होते.

यावर क्षणभर थांबायला हवं. गाय आणि वानर यांनी हे बदल एकमेकांकडून घेतलेले नाहीत, समाईक पूर्वजाकडूनही घेतलेले नाहीत. दोन घराणी कोट्यवधी वर्षं स्वतंत्र चालत राहिली, दोघांच्याही वाट्याला पाला आला, आणि पाला पचवण्याच्या गरजेनं दोघांच्याही प्रथिनात त्याच जागी तेच मणी ओवले. काळवीट गाईच्या कुलातलं, तसंच रवंथ करणारं. उत्क्रांती अशी दोन दूरच्या जिवांना एकाच उपायापाशी आणते याची उदाहरणं आहेत, पक्ष्याचा आणि वटवाघळाचा पंख हे नेहमीचं. पण पंख डोळ्यांना दिसतो. रेणूंच्या पातळीवर इतका उघड पुरावा मिळालेलं हे जगातल्या पहिल्या उदाहरणांपैकी एक, आणि त्यातला एक साक्षीदार आपल्या देवळाच्या कळसावर बसणारं वानर आहे, हे मला अजूनही विलक्षण वाटतं.

याचा एक व्यवहारातला अर्थही आहे. गुरानं चुकून ज्वारीच्या किंवा गव्हाच्या राशीत तोंड घातलं तर काय होतं ते शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. धान्यातला पिष्टमय भाग पोटात झपाट्यानं आंबतो, आम्ल वाढतं, जनावर बसतं, कधी दगावतंही. पाला आंबवणाऱ्या पोटाचा हा जन्मजात धोका आहे आणि वानराच्या जातकुळीलाही तो लागू आहे. वानर पाव, बिस्किटं, केळी आनंदानं खातं, भाविक त्याला ती आनंदानं देतात. पण त्याचं पोट पाल्यासाठी, शेंगांसाठी, कच्च्या फळांसाठी घडलेलं आहे.

पोटानं जवळ आणलेल्या या दोघांना डोळ्यांनी मात्र पार वेगळं ठेवलं. काळविटाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे मान न वळवता त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं. त्याची बाहुली आडवी, लांबट. २०१५ साली बर्कलीच्या मार्टिन बँक्स आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की अशी आडवी बाहुली क्षितिजाच्या पट्ट्यातली हालचाल टिपायला सोयीची असते. मग त्यांना प्रश्न पडला की चरताना मान खाली गेली तर बाहुली उभी व्हायला हवी. त्यांनी चरणाऱ्या जनावरांचे डोळे न्याहाळले. मान खाली जाते तसे दोन्ही डोळे खोबणीत उलट दिशेनं फिरतात, पन्नास अंश किंवा अधिकच, आणि बाहुली जमिनीला समांतरच राहते. आपल्याला डोळा असा फिरवता येत नाही. वानराचे डोळे आपल्यासारखे समोर, दोघांची नजर एकाच फांदीवर पडते, आणि उडी घेण्याआधी अंतराचा नेमका अंदाज येतो. रंगांतही फरक आहे. वानराला आपल्यासारखे तीन मूळ रंग कळतात, त्यामुळे हिरव्या झाडोऱ्यातली लालसर कोवळी पालवी त्याला लगेच दिसते. काळविटाला दोनच. लाल आणि हिरवा त्याच्या जगात वेगळे नाहीत.

पिल्लं वाढवण्याची रीतही दोन टोकांची. वानराचं पिल्लू काळपट अंगाचं आणि गुलाबी तोंडाचं जन्मतं आणि पहिल्या दिवसापासून आईच्या पोटाला घट्ट धरून असतं. टोळीतल्या इतर माद्याही त्याला घ्यायला पुढे येतात, ते या हातातून त्या हातात जातं. काळविटाची मादी उलट करते. ती पाडसाला गवतात लपवून दूर चरायला जाते, दिवसातून थोड्या वेळा येऊन पाजते. पाडस हलत नाही, आवाज करत नाही. पिकात असं एकटं पाडस दिसलं की बऱ्याचदा कुणीतरी दयेनं उचलून घरी आणतं. त्याची आई हरवलेली नसते, ती नजरेच्या टप्प्यात कुठेतरी माणूस जाण्याची वाट पाहत असते. तिथून निघून जाणं हीच त्या पाडसाला मदत.

काळविटाला गवत हवं, आणि त्याहून जास्त मोकळेपणा. दूरवर दिसलं पाहिजे, पळायला जागा पाहिजे. ताशी ८० किलोमीटरच्या आसपास धावणाऱ्या या जनावराला लांडगा तेवढ्या वेगानं गाठू शकत नाही, मग एवढा वेग कशासाठी? उत्तर बहुधा चित्त्यात आहे. आपल्या माळांवर चित्ता होता. कोल्हापूरच्या संस्थानात चित्ते पाळून त्यांच्याकडून काळविटांची शिकार करवत, आणि देशी चित्ते मिळेनासे झाले तेव्हा ते आफ्रिकेतून आणवत. विसाव्या शतकाच्या मध्यावर चित्ता भारतातून संपला. काळविटाच्या पायांत त्याचा वेग तेवढा राहून गेला आहे.

वानराला झाडं हवीत, पण ते झाडांचं बांधील नाही. अजिंठ्याच्या लेण्यांपाशी कड्यांवर वानरं असतात, कौलांवर असतात, पाण्याच्या टाकीवर असतात. लेण्यांतही त्यांना जागा मिळाली आहे. सतराव्या लेण्यात महाकपी जातकातला वानरराजा आहे, आणि त्याच लेण्यात बोधिसत्त्व मृगरूपात येतो ती जातकंही रंगवलेली आहेत. पहिल्या लेण्यातल्या एका खांबावर चार हरणांना मिळून एकच डोकं कोरलं आहे. जे धड पाहाल त्याचंच ते डोकं वाटतं. दीड हजार वर्षांपूर्वी त्या कारागिरांनी हरणाच्या मानेचं वळण किती मन लावून पाहिलं असेल!

माणसांच्या जगात वानरानं जागा मिळवली ती श्रद्धेच्या आधारानं. धाराशिव जिल्ह्यातल्या उपळा गावात ३२ एकर जमीन गावातल्या सर्व वानरांच्या नावे नोंदलेली असल्याची बातमी २०२२ साली देशभर गाजली होती. काळविटाच्या नावे असा सातबारा नाही. त्याचा वावर गायरानात, पडीकात, माळावर. महसुली भाषेत हे शब्द रिकामेपण सांगतात. देशपातळीवरच्या नकाशांतही गवताळ माळांचा मोठा हिस्सा 'पडीक जमीन' या सदरात रंगवला जातो, म्हणजे सोलर पॅनल, कारखाना किंवा वृक्षलागवड यांची वाट पाहणारी जागा.

संरक्षणाच्या कागदावर मात्र काळवीट वरचढ आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ते पहिल्या परिशिष्टात, वाघाच्या पंगतीला. या कायद्याच्या जोरावर महाराष्ट्रात त्याच्यासाठी जागा राखल्या गेल्या. अहिल्यानगर जिल्ह्यातलं रेहेकुरी अभयारण्य १९८० चं, जेमतेम २.१७ चौरस किलोमीटरचं. वाशिम जिल्ह्यातलं कारंजा-सोहोळ, येवल्याजवळचं ममदापूर. भारतात संख्या सावरली, आणि आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत पूर्वी 'संकटसमीप' असलेलं काळवीट आता 'कमी चिंताजनक' या पायरीवर आहे. पण ते बांगलादेशातून नाहीसं झालं, पाकिस्तानातल्या मोकळ्या रानातूनही. १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये शिकारीच्या हौसेपायी काळविटं नेऊन सोडली होती, ती तिथे रुजली. पुढे पाकिस्तानानं आपल्या लाल सोहानरा उद्यानात पुन्हा काळविटं आणली ती या टेक्सासच्या कळपातली. सिंधूच्या काठचं जनावर अर्धं जग फिरून परत आलं. चौशिंग्याचा दर्जा मात्र आजही 'असुरक्षित' आहे.

वानर लाल यादीत 'कमी चिंताजनक' आहे, आणि गावात त्याला पाहणाऱ्या कुणालाही ते पटेल. नवल आहे ते लाल तोंडाच्या माकडांत. महाराष्ट्रात त्यांच्या दोन जाती. उत्तरेची ऱ्हीसस, आखूड शेपटीची, कमरेखाली तांबूस. दक्षिणेची बॉनेट, लांब शेपटीची, डोक्यावर भांग पाडल्यासारखे केस असलेली. दोघांच्या प्रदेशांमधली सीमा पूर्वापार पश्चिमेला तापीनं आणि पूर्वेला गोदावरीनं आखलेली मानली जाते. धावडा या दोन खोऱ्यांच्या मधल्या कण्याजवळ आहे. अजिंठ्याच्या डोंगराच्या अलीकडची पूर्णा गोदावरीला मिळते, पलीकडची दुसरी पूर्णा तापीला. २०११ साली अनिंद्य सिन्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की ऱ्हीसस ही जुनी सीमा ओलांडून दक्षिणेकडे सरकत आहे आणि बॉनेट माकडाची जागा घेत आहे. बॉनेट जगात फक्त दक्षिण भारतीय द्वीपकल्पात आढळतं, आणि आता लाल यादीत ते 'असुरक्षित' आहे. ऱ्हीसस मात्र एवढं मुबलक की २०२२ च्या दुरुस्तीत, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, ते वन्यजीव कायद्याच्या परिशिष्टांतूनच वगळलं गेलं. रक्तगटापुढे आपण पॉझिटिव्ह-निगेटिव्ह लावतो तो आरएच घटक १९४० साली याच माकडाच्या नावावरून ओळखला जाऊ लागला. दुरून दोन्ही माकडं सारखीच वाटतात, म्हणूनच एक जात ओसरत चालल्याचं गावाला कळत नाही.

शेतकऱ्याच्या बांधावर हे सगळे दर्जे एकत्र येतात. राज्य शासनाच्या पीकनुकसानीच्या भरपाईच्या यादीत रानडुक्कर, सारंग आणि कुरंग हरणं, गवा, नीलगाय, माकड आणि हत्ती एका ओळीत बसलेले आहेत. आठ-दहा कोटी वर्षांची फारकत त्या एका ओळीत मिटते. मराठवाड्यात कोवळ्या सोयाबीनचे आणि हरभऱ्याचे शेंडे रात्रीत खुडले जातात, मक्याची कणसं भरदुपारी मोडली जातात. जुन्या साड्यांचं रंगीत कुंपण हरणांपुरतं थोडे दिवस चालतं, वानराला ते अडवत नाही. पेरणी दुबार झालेल्या माणसाला वन्यजीवांचं कौतुक ऐकवणं अन्यायाचं आहे. त्याला पंचनामा वेळेवर आणि भरपाई पुरती मिळाली पाहिजे. दुसरीकडे कठडा नसलेल्या विहिरी आहेत, ज्यात पळत सुटलेली हरणं आणि रोही पडतात. विहिरीला कठडा बांधला तर शेतकऱ्याचं वासरूही वाचतं.

एका गोष्टीत मात्र या दोन जनावरांचं हित थेट परस्परांविरुद्ध जाऊ शकतं, आणि ती गोष्ट आहे आपली वृक्षलागवड. उघडा माळ दिसला की झाडं लावावीत असं आपल्याला वाटतं, कारण माळ म्हणजे तुटलेलं जंगल अशी आपली समजूत. २०२५ साली आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी जुन्या मराठी साहित्यातले झाडाझुडपांचे उल्लेख तपासले. पश्चिम महाराष्ट्रातल्या माळांवर कित्येक शतकांपूर्वीही काटेरी, विरळ, उन्हाची झाडंच वर्णिलेली सापडली. ही माळरानं जुनी आहेत, जंगलाचे अवशेष नव्हेत. डोंगरउतारावर, ओढ्याकाठी, रस्त्याच्या कडेला लावलेली वड, उंबर, चिंच वानराला आणि माकडाला जगवतात. म्हैसूरच्या परिसरात रस्त्याकडेची जुनी झाडं गेली तशी बॉनेट माकडं घटल्याचं मेवा सिंग आणि सहकाऱ्यांच्या नोंदींत आहे. पण तीच झाडं दाटीनं माळावर लावली की काळविटाची नजर अडते, गवत सावलीत विरतं, आणि कळप शेतांकडे वळतो.

म्हणून गायरानात खड्डे मारायला मजूर लावण्याआधी माळ एकदा पायी फिरून पाहायला हवा. काळविटाचा नर आपली हद्द राखतो तेव्हा ठरावीक जागीच पुन्हा पुन्हा लेंड्या टाकतो, आणि काही दिवसांत तिथे त्यांचा ढीग साचतो. शेळ्या-मेंढ्यांच्या लेंड्या चालता चालता विखुरलेल्या असतात, हे ढीग एकाच जागी असतात. ते दिसले तर रोपांची गाडी ओढ्याच्या काठाकडे वळवावी, आणि माळावर फक्त गवत राखावं.